कॉम्प्युटरचं गाऱ्हाणं

मरोळच्या त्या खोलीतली माझी पहिली झोप दुपारची होती. रात्रभर एसटीत बसून आलेली, पोटात काकीच्या हातची गरम पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी, अंगाखाली गार कोबा. डोळे मिटले तसं वाटलं, जवळच कुठंतरी पिठाची गिरणी चालू आहे. एकसारखी, बारीक घरघर. आमच्या गावची गिरणी दळण संपलं की थांबायची. ही थांबतच नव्हती. मधूनच छपरावरून विमान जायचं, इतकं खालून की पत्रे थरथरायचे, मग त्याचा आवाज विरत जायचा आणि तळाशी पुन्हा ती घरघर तशीच सापडायची, पाणी ओसरल्यावर नदीतला खडक सापडावा तशी. अर्धवट झोपेत मी पिठाचा वास शोधत होते. तो काही येईना. डोळे उघडले तर पोटमाळ्याखाली, तांदळाच्या पिंपाशेजारी, क्रोशाच्या रुमालानं झाकलेलं काहीतरी होतं आणि त्याला एक हिरवा डोळा होता. तो माझ्याकडेच बघत होता.

"भिया नको," भिंतीला टेकून, प्लास्टरमधला पाय लांब करून बसलेली काकी म्हणाली. "वैशूचो कॉम्प्युटर तो. चावना नाय."

काकी माझी कुणी लागत नव्हती. आमच्या गावची शेवंतामावशी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये झाडलोट करायची, तिनंच मला आणलं होतं. जवळच्या चाळीतल्या एका बाईचा पाय मोडलाय, घरात मदतीला पोरगी हवी, पाय बरा होईपर्यंत, एवढंच ठरलं होतं. माझी शाळा आठवीतच सुटली होती. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मागं धाकट्या भावाला कुणीतरी सांभाळायला हवं, शाळा कधी सुटली ते धड कळलंही नाही. आता भाऊ मोठा झाला होता आणि बापानं माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. पोरगाही तोडीलाच जाणारा. एसटीच्या खिडकीखाली उभी राहून माझी माय हळूच म्हणाली होती, "त्या बाईचा पाय बरा व्हायला लई दिस लागू दे. जमलं तर ऱ्हाय तिकडंच." कुणाचं वाईट चिंतणारी नव्हती माझी माय. आयुष्यात तेवढं एकदाच चिंतलं असेल तिनं.

काकीनं पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. आमच्या घरी देव्हारा नव्हता. पौर्णिमेला बुद्धवंदना असायची, तेवढंच. त्यामुळे मी तिच्या देवाच्या कोनाड्यापासून लांब राहायची आणि ओट्यापाशी उभी राहिले तरी हात पाठीशी बांधून. थोडे दिवस तिनं बघितलं. मग एका सकाळी बांगड्यांनी भरलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं. "हात पाठी कित्याक? चोरी केलंस काय? घे, साफ कर." मी आयुष्यात मासा हातात धरला नव्हता. तो हातातून सुटून मोरीत गेला आणि काकी पोट धरून हसली, इतकी की प्लास्टरमधला पायही हलला आणि ती हसता हसता कळवळली. तांदळाची भाकरी खाऊन माझं पोट भरल्यासारखं वाटायचं नाही, हे मी कुणालाच बोलले नव्हते. पण एक दिवस तात्या बाजारातून ज्वारीचं पीठ घेऊन आले आणि ते ओट्यावर ठेवून पेपर वाचायला बसले. ते पीठ कडू निघालं. मी ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. अजूनही कधी कडसर भाकरी जिभेवर आली तर मला रडू येत नाही, उलट घरी आल्यासारखं वाटतं.

तात्या म्हणजे काकीचे यजमान. जन्म कापडाच्या गिरणीत गेलेला. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटानं कान अधू झालेले, त्यामुळे स्वतः बोलायचे ते सगळ्या चाळीला ऐकू जायचं. वैशूताई ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं जुना, कुणीतरी वापरून टाकलेला कॉम्प्युटर घरात आणला होता आणि त्यावर ती लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, सोसायट्यांच्या नोटिसा जुळवून द्यायची. खोलीतली सगळ्यात चांगली जागा त्याची होती. काकीनं त्याला क्रोशाचा रुमाल विणला होता, तात्यांनी त्याच्यासाठी भिंतीत नवीन बटण बसवून घेतलं होतं. मात्र ते बटण बंद करायची घरात कुणाला परवानगी नव्हती.

"अहो तात्या, जेवायला बसलोय आपण. करू दे ना बंद," वैशूताई म्हणायची.

"साचो बंद केलो काय रुसता," तात्या गरजायचे.

"हा साचा नाहीये, तात्या!"

"मगे काय हा? गरगर फिरता, गरम जाता, लोकांका कामाक लावता. साचोच तो."

ती मला नंतर म्हणाली, "सुमे, जाऊ दे. तू पण नको हात लावू बटणाला." आणि मग तिनं सांगितलं की गिरणी बंद होती तेव्हाच्या दसऱ्याला कामगारांना पूजेपुरतं आत सोडलं होतं. तात्यांनी आपल्या थांबलेल्या साच्यावर झेंडू वाहिला आणि ते घरी आले. तो साचा पुन्हा कधी फिरला नाही. म्हणून हा थांबायचा नाही. दुपारी तात्या त्याच्या शेजारीच चटई टाकून झोपायचे, एक हात डब्याला लावून. जे कानानं ऐकू येत नव्हतं ते तात्या तळहातानं ऐकत असावेत. चाळीत दुपार पसरलेली असायची, इस्टेटमधल्या प्रेसचे ठोके लांबून यायचे, काकी कुळीथ निवडत असायची, आणि त्या घरघरीत आम्ही सगळेच थोडे थोडे बुडून जायचो. माझ्या आठवणीतलं मरोळ अजून तसंच आहे, पाण्याखालून बघितल्यासारखं.

काकीचं प्लास्टर निघालं त्या दिवशी घरात शिरा झाला. मी तो पटकन खाल्ला आणि भांडी घासायला बसले, अजून कामाची आहे हे दिसावं म्हणून. पाय बरा होईपर्यंत, असं ठरलेलं होतं आणि पाय तर बरा झाला होता. काकी पहिल्यांदा स्वतः उठून नळावर गेली तेव्हा मी दारात उभी राहून तिची पावलं बघत होते आणि मनात म्हणत होते, हळू चाला, हळू चाला. मला वाचवलं ते वैशूताईनं. लग्नाचा मोसम होता, पत्रिकांचा ढीग पडला होता. ती म्हणाली, "सुमे, अक्षरं येतात ना तुला? मग बस इथे." तिनं मला मराठी टाइप करायला शिकवलं. कुठल्या बटणात कुठलं अक्षर लपलंय ते मी भाकरी तव्यावर असताना मांडीवर बोटं आपटून पाठ करायची. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हे मी शाळेतल्या कवितेपेक्षा जास्त वेळा लिहिलं असेल. जायचा विषय कुणी काढला नाही. पण अंधेरीच्या एका ऑफिसातून वैशूताईला नोकरीसाठी निरोप येत होते आणि ती हसून म्हणायची, "हा डबा बंद पडू दे, त्या दिवशी जाते. मस्त एसीत बसेन." ती गमतीनं बोलायची. मी मात्र ते वाक्य उशाशी घेऊन झोपायची. पायाची मुदत संपली, आता कॉम्प्युटरची मुदत सुरू झाली, असं माझ्या मनानं धरलं. तो चालू तोवर मी इथे.

म्हणून मी जोसेफच्या मागे लागले. जोसेफ मरोळ गावठाणातला, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. स्कूटरवरून यायचा, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि भिंती रंगवायचा ब्रश. त्या ब्रशनं तो आतली धूळ झाडायचा. झाकण उघडलं की मी चहा घेऊन तिथेच बसायची.

"हा किती दिवस चालेल?"

"कोण, फॅन? धूळ नाय खाल्ली तर तीन-चार वर्षं. पण इकडे तर काकीनं त्याला रुमाल पांघरलाय यार. दम लागतो बिचाऱ्याला."

"आणि ही?"

"हार्ड डिस्क. तुझ्या सगळ्या पत्रिका हिच्या पोटात. हिचं काय सांगू? पाच वर्षं पण चालेल, उद्या सकाळी पण जाईल. सांगून जात नाय ती."

"हा वीज घेणारा डबा?"

"एसएमपीएस? इकडची लाईट बघितलीस ना, कशी नाचते ती. चार वर्षं काढली तर त्याच्या पाया पड. रॅम मात्र मरत नाय. तू-मी मरू, रॅम राहील."

"मॉनिटर?"

"तो म्हातारा होतो. हळूहळू अंधूक. तुला वाटेल, चष्मा लागला."

"आणि बाहेरचा पत्र्याचा डबा?"

"कॅबिनेट तुझ्या नातवाला दे. कोंबड्या पाळेल त्यात."

"मग सगळं मिळून किती?"

जोसेफनं ब्रश खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "सगळं मिळून असं काय नसतं गं. सगळं एकदम कधीच जात नाय. एक गेलं, एक बदललं. तुला कशाला एवढं टेन्शन? बापाचा आहे काय तुझ्या?"

मी हसले. पण मनातल्या मनात धरून ठेवलं की ज्याचं आयुष्य सगळ्यात कमी, तेवढंच माझं. आणि काकी देवाकडे बघून डोळे मिटायची तेव्हा मी फॅनकडे बघून मिटायची.

त्यातला सगळ्यात पहिला गेला तो एक बटणाएवढा सेल. घड्याळात असतो तसा. त्यानं काम अडत नव्हतं म्हणून तो बदलायचा राहून राहून गेला. लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर काळ विसरायचा आणि जागा होताना कुठल्यातरी जुन्या वर्षातली तारीख दाखवायचा, त्याला पहिल्यांदा जोडलं तेव्हाची असेल. त्या तारखेला मी गावात होते. माझी शाळा सुटलेली नव्हती, काकीचा पाय धड होता, मरोळ नावाचं काही असतं हे मला ठाऊकही नव्हतं. मी एकटीच पडद्यासमोर बसून ती तारीख बघत राहायची. त्याच्या हिशेबानं मी अजून आलेच नव्हते. मग मी एकेक आकडा पुढे सरकवायची, महिना, वर्ष, आणि आजच्या दिवसाशी येऊन थांबायची. आले बाबा, असं वाटायचं. पुन्हा एकदा येऊन पोचले.

दसऱ्याच्या सकाळी काकीनं घरातली सगळी हत्यारं घासून पाटावर मांडली. कोयता, विळी म्हणजे तिचा आडाळो, तात्यांची जुनी कात्री, माझ्या टाइपिंगखातर कीबोर्डसुद्धा. कॉम्प्युटरच्या डब्याला झेंडूची माळ, कपाळ म्हणावं अशा जागी कुंकवाचा मोठा टिळा. तो चालूच होता, अर्थात. वैशूताई म्हणाली, "पूजेपुरता तरी बंद करूया ना." तात्यांनी नुसती मान हलवली. त्या दिवशी त्यांना कुणी दुसऱ्यांदा विचारणं शक्य नव्हतं. जोसेफ सोनं घ्यायला आला होता, तो दारातच थांबला. शेजारच्या दोन-तीन बायका डोकावत होत्या. तात्यांनी नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि त्यांच्या त्या चाळभर आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. कोकणात देवापुढे असं मोठ्यानं मागणं मागतात आणि जमलेल्यांनी त्याला हुंकार द्यायचा असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"बा देवा म्हाराजा! लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली हा, ती मान्य करून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. जोसेफही म्हणाला.

"ह्या यंत्राच्या अंगात जा काय दुखना-खुपना असात, ता भायर काढ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वैशूच्या हाताक येश दी, रे म्हाराजा! आणि ह्या परमुलखातल्या चेडवाच्या पाठी उभो रव, रे म्हाराजा!"

माझं नाव न घेता कुणीतरी माझ्यासाठी देवाकडे मागत होतं. आमच्याकडे देवाला मागायची रीत नाही. पण त्या घटकेला माझ्या तोंडून सगळ्यांत मोठ्यानं "व्हय म्हाराजा" निघालं, इतकं की बायका वळून बघायला लागल्या.

तात्यांनी नारळ फोडला. काकीनं त्याचं पाणी वाटीत धरलं आणि आंब्याच्या डहाळीनं हत्यारांवर शिंपडत निघाली. कोयत्यावर शिंतोडा, कात्रीवर शिंतोडा, आडाळ्यावर शिंतोडा. कॉम्प्युटरपाशी आली आणि थांबली. एवढं काम करणारं यंत्र, सगळ्या घराला पोसणारं, त्याला काय चार थेंबांवर भागवायचं? तिनं डहाळी बाजूला ठेवली, ओंजळ भरली आणि "घे बाबा, पोटभर घे," म्हणत डब्याच्या वरच्या जाळीतून सगळं पाणी आत सोडलं.

"काकी, नको!" जोसेफ ओरडला. आतून फट्ट असा आवाज आला, खोबरं जळाल्यासारखा वास सुटला आणि घरघर थांबली.

मी आले त्या दिवसापासून ती लाईट गेल्याशिवाय किंवा जोसेफनं झाकण उघडल्याशिवाय कधी थांबली नव्हती. आता पंखा गरगरत होता, नळावर भांडी वाजत होती, आणि तरी घरात शांतता झाली. तात्यांनी पुढे होऊन डब्यावर तळहात ठेवला. तो तसाच ठेवून ते उभे राहिले. त्यांना ऐकू येत नसलं तरी काय झालंय ते त्यांनाच सगळ्यात आधी कळलं होतं.

जोसेफनं झाकण काढलं. आत कुंकवाचा लाल चिखल झालेला. तो पुसत पुसत बोलत होता, "एसएमपीएस गेला. बोर्डची पण वाट लागली. हार्ड डिस्क बघायला पाहिजे." वैशूताई डोक्याला हात लावून बसली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला वाटलं, आता ती म्हणेल, उद्यापासून ऑफिसात जाते. मी कुणाला न सांगता पोटमाळ्यावर चढले. माझे कपडे फार नव्हते. पिशवीत घालायला वेळ लागला नाही. खाली उतरताना शेवटच्या पायरीपाशी काकी उभी होती, हातात अजून ती रिकामी वाटी.

"खंय चललंस गो?"

"गावाला."

"आज? सणाचा?"

"कॉम्प्युटर गेला ना, काकी."

"मगे? तू काय तेचो पार्ट?"

काकीनं पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली. तिचे डोळे भरलेले होते आणि आवाज मात्र रागाचा होता. "पाणी मी घातलंय. कोणाक धाडूचा असात तर माका धाडा. ही कित्याक जाता?" हे ती मला नाही, साऱ्या खोलीला सांगत होती. मग वैशूताईला उद्देशून, "गप बसलंस काय? सांग तिका!"

वैशूताईनं मान वर केली, माझ्या पिशवीकडे बघितलं आणि तिला सगळं उलगडलं असावं. "म्हणून तू त्या जोसेफला सारखं किती टिकतं, किती टिकतं विचारायचीस? वेडी आहेस का गं?" ती म्हणाली. जोसेफ डब्यातून तोंड वर न काढता म्हणाला, "मला वाटलं, हिला धंदा शिकायचाय." आणि कोण आधी हसलं ते आठवत नाही, पण तात्यांना काहीच ऐकू न आल्यामुळे ते सगळ्यांकडे बघत शेवटी हसले, हात तसाच डब्यावर. काकीनं पिशवी तांदळाच्या पिंपावर टाकली. "वडे थंड जातत. जेवक बसा."

हार्ड डिस्क वाचली होती, पत्रिकांसकट. वैशूताईनं अंधेरीची नोकरी धरली ती धरलीच, पण जोसेफनं कुठून कुठून पार्ट जमवून कॉम्प्युटर पुन्हा उभा केला. दुसऱ्या कुणाचा बोर्ड, तिसऱ्या कुणाचा एसएमपीएस, फॅन कुठला ते देव जाणे. त्यासमोर दिवसभर मी बसायला लागले. तात्यांनी पहिल्या दिवशी तळहात लावून बघितला आणि म्हणाले, "आवाज नवो हा. पण घर तेच." माझं लग्न त्या वर्षी झालं नाही, त्या माणसाशी कधीच झालं नाही. मायला मी कळवलं तेव्हा ती म्हणाली, "बाईचा पाय कसाय?" मी म्हटलं, "बराय." त्यावर ती म्हणाली, "तरीबी ठेवून घेतलं?"

आता मी पंचेचाळिशी ओलांडली आहे. मरोळमध्येच माझं छपाईचं लहानसं दुकान आहे आणि जोसेफ म्हणाला होता तसं कॅबिनेट खरंच टिकलं. ते दुकानात कोपऱ्यात आहे, आत काहीच नाही, जाळीच्या फटीत कुंकू मात्र अजून सापडतं. दुकानातले हल्लीचे कॉम्प्युटर आवाज करत नाहीत. काही बिघडलं की पोरं म्हणतात, टाकून द्या ताई, नवीन घेऊ. मी हो म्हणते आणि आधी जोसेफला फोन करते.

तात्या गेले. वैशूताई मुलुंडला असते, रविवारी येते. काकी माझ्याकडे असते. तिला 'अहो' म्हणायचं सोडून मी 'अगं'वर कधी आले, मला आठवत नाही, आणि तिला तर आता काहीच आठवत नाही. सकाळी ती उठते ती कुठल्यातरी जुन्या दिवसात. मी चहा घेऊन जाते तर माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. सुरुवातीला मी तिला सगळं सांगायची, आज कुठला वार, कुठलं वर्ष, तात्या कधी गेले. आकडे पुढे सरकवावेत तसं. तिला ते ऐकून त्रासच व्हायचा. आता मी सांगत नाही. ती असेल त्या दिवसात मीच जाऊन बसते.

"कधी इलंस गो चेडवा?" ती विचारते.

"आजच इलंय."

"रवतलंस मां?"

आयुष्याची किती वर्षं 'राहू ना?' एवढंच मला विचारायचं होतं, आणि आता रोज सकाळी तीच मला 'राहशील ना?' विचारते, तेवढ्याच भीत भीत. मी पेजेची वाटी तिच्या हातात देते. "तुझो पाय बरो होईसर रवतंय," मी म्हणते.

ती पांघरूण सारून आपल्या पायाकडे बघते, जरा वेळ बघतच राहते. मग पांघरूण पुन्हा नीट ओढून घेते आणि म्हणते, "मगे तो बरो होवचो नाय."